पेरं मोजणारा हात

माझा उजवा हात माझाच आहे की नाही, हा प्रश्न मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. तो पाडला एका गृहपाठानं, आणि गृहपाठ मीच दिला होता. करावं तसं भरावं म्हणतात, ते असं.

पंच्याहत्तर-शहात्तरचं ते वर्ष. सोलापूरच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवत होते. त्यात आनुवंशिकता म्हणजे माझा जीव की प्राण. मेंडेलचे वाटाणे सगळेच शिकवतात, मी चादरीवर शिकवायचे. वर्गातली निम्मी मुलं मागाच्या घरातली, त्यांना जकार्ड मागाच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्त्यांबद्दल मी काय सांगणार?

"मागावर नक्षी कोण ठरवतं रे?"

"पत्त्यातली भोकं, मॅडम."

"आणि एक भोक चुकीच्या जागी पडलं तर?"

"त्या पत्त्यावर निघेल त्या दर चादरीत तीच चूक."

"झालं तर मग. आपल्या पेशीत डीएनएचे असेच पत्ते असतात. एक माळ आईची, एक बापाची. पुढं लेकराला देताना दोन्हीतला एकच पत्ता जातो आणि कुठला जायचा ते कुणाच्या हातात नसतं. बऱ्याच चुका दुसऱ्या माळेमुळं झाकल्या जातात. पण काही चुका इतक्या दांडग्या असतात, की एकाच माळेत असल्या तरी नक्षीत उमटतातच. अशी चूक बापात असेल, तर दर पोराला ती मिळायची शक्यता किती?"

"निम्मी, मॅडम!" सगळा वर्ग ओरडायचा. मला हे ‘निम्मी’ ऐकायला फार आवडायचं.

तर गृहपाठ असा होता. प्रत्येकानं आपल्या घराचा तक्ता काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. एक लक्षण निवडायचं, म्हणजे जीभ वळते का, कानाची पाळी चिकटलेली आहे का, असलं काहीतरी. ज्याच्यात असेल त्याचा चौकोन किंवा गोल काळा भरायचा, नसेल तर रिकामा ठेवायचा.

संक्रांतीनंतर चाळीस तक्ते आले आणि बघते तर जिकडंतिकडं चौकोनच. घरात लिहून ठेवलेली वंशावळ पोरांनी तशीच्या तशी उतरवली होती, आणि त्या वंशावळीत लेकी नसतातच.

"काय रे, तुमचे आजे-पणजे एकमेकांनाच व्हायचे का?" मी सगळे तक्ते परत केले. "गोल काढून आणा. लेक दिली म्हणून तिचं रक्त कुणी धुऊन देत नाही."

हे वाक्य मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं. ते पुढं मला किती वेळा आठवलं, सांगता येणार नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर नीलम्मा मागं राहिली. अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातली ही मुलगी, लिंगायत घरातली. घरात कन्नड, बाहेर मराठी. बोलायची कमी, बघायची जास्त. तिनं आपला तक्ता माझ्यापुढं सरकवला. लक्षणाच्या रकान्यात एकच शब्द होता: देव.

"हे काय लक्षण झालं?" मी हसले.

"आमच्या घरात हातात देव येतो, मॅडम. चाळिशीच्या आसपास येतो. आदी अंगठा चालाय लागतो. असा." तिनं करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा ठेवला आणि एकेक पेर करत तर्जनीच्या टोकापर्यंत नेला, मग पुन्हा करंगळीवर आणला. "जुनी माणसं म्हणत्यात, देव पेरं मोजतोय. कुणाची तरी वरसं मोजतोय."

"मग पुढं?"

"मग सगळा हात चालतो, मग मान, मग पाय. धा-पंदरा वरसांत मोजणारा जातो. तवर दुसऱ्याच्या हातात आलेला असतो."

माझं हसू तिथंच गेलं. मी तक्ता नीट बघितला. सगळ्यात वर पणजोबा शिवप्पा, काळा. त्याला चार मुलगे, दोन काळे. त्यातला एक तिप्पण्णा, म्हणजे नीलम्माचे आजोबा. तिप्पण्णाला चार मुलं, त्यात पुन्हा दोन काळी. शेवटचा काळा चौकोन नीलम्माच्या वडलांचा, मल्लप्पांचा. त्यातलं पेन्सिलीचं शिसं अजून बोटाला लागत होतं.

"हा यंदाच भरला," ती म्हणाली. "दसऱ्यापासनं वडलांचा अंगठा चाललाय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चार पिढ्यांची इतकी चोख निम्मी-निम्मी वाटणी मी पुस्तकाबाहेर कधी पाहिली नव्हती. तशीच धावत ग्रंथालयात गेले आणि इंग्रजी पुस्तकात रोग सापडला. हंटिंग्टनचा कोरिया, म्हणजे अंग आपोआप हलत राहायचा आजार. चाळिशीपर्यंत काही दिसत नाही, तोवर माणसाला मुलंबाळंही झालेली असतात. औषध नाही. आधी ओळखायची तपासणीही नाही, कारण कुठल्या पत्त्यावर ते भोक आहे हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्यात आहे का हे कळायचा मार्ग एकच, वाट बघणं. तिथवर वाचलं आणि मला तक्त्यातला सगळ्यात खालचा रिकामा गोल आठवला. तो नीलम्माचा होता. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बसवून तिला सगळं सांगितलं. ती रडेल म्हणून मी पाण्याचा ग्लाससुद्धा भरून ठेवला होता. ती रडली नाही.

"म्हंजे निम्मं माझंबी," ती म्हणाली.

"निम्मं नाहीसुद्धा," मी घाईघाईनं म्हणाले.

"व्हय. त्येबी निम्मंच." मग तिनं वही उघडली. "तुमी म्हणला तसे गोल काढले, मॅडम. एक गोल लागत न्हाय. शिवप्पाला एक लेक होती, निंगव्वा. तिला मोहोळात दिली. लग्नात नाव बदललं, ते नवं नाव आमच्यात कुणालाच ठाऊक न्हाय. ती परत माहेरी आलीच न्हाय."

"माझं आजोळ मोहोळचंच," मी म्हणाले. "अण्णांना विचारते."

माझे वडील, गुरुलिंग मास्तर, निवृत्तीनंतर आमच्याकडंच राहत होते. मी त्यांची एकुलती एक. पण म्हटलं आणि विसरले. आम्हीही लिंगायतच, पण मोहोळात लिंगायतांची घरं काय थोडी आहेत? आणि माझ्या आजीचं नाव सोनाबाई. लग्नात नाव बदलतात हे मलाही ठाऊक होतं. माझं स्वतःचंच बदललेलं आहे. तरी डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच्या घराचा गोल शोधताना आपल्या घराकडं कोण बघतं?

पंधरा दिवसांनी नीलम्मानं मला गावी बोलावलं. मल्लप्पांची ‘बसवणी’ होती, म्हणजे नवा मोजणारा गावापुढं बसायचा दिवस. रविवार होता. मी एस.टी.नं गेले. डॉक्टरकडं न्यायला त्यांना पटवायचं, असं मनात ठरवून गेले होते.

अंगणात घोंगडं अंथरून मल्लप्पांना बसवलं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा धडधाकट गडी, न्हाऊन माखून, कपाळाला विभूती. पुढं ज्वारीनं भरलेलं सूप. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा होता आणि अंगठा चालत होता. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. पुन्हा करंगळी. कौल लावायला माणसं रांगेनं येत होती. विहिरीला पाणी लागेल का, पोरगी या घरात द्यावी का. प्रश्न विचारायचा आणि त्यांच्या तळहातावर ज्वारीचा एक दाणा टाकायचा. अंगठा चालता चालता दाणा ज्या बोटाशी अडकेल, तो देवाचा कौल. दाणा अडकायचा, माणूस नमस्कार करून जायचा, अंगठा मात्र चालतच राहायचा. मल्लप्पा स्वतःच्या हाताकडं असे बघत होते, जसं कुणी दुसऱ्याचं द्वाड पोर आपल्या अंगणात खेळताना बघावं.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, नागम्माआत्याला, मी बाजूला घेतलं. साठी उलटलेली बाई, हात अगदी स्थिर.

"आजी, हा देव नाही. आजार आहे. डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

"ठाऊक हाय की बाई," म्हातारी म्हणाली. "माझा बाप गेला यात, भाऊ गेला. आमाला का कळत न्हाय?"

"मग हे सगळं कशाला?"

"आजार म्हटला की मानूस कोपऱ्यात पडतो. देव म्हटला की लोक न्हाऊ घालत्यात, पाया पडत्यात, घास भरवत्यात. शेवटाला मोजणाऱ्याच्या हातानं घास तोंडात जात न्हाय. पंदरा वरसं आजाऱ्याला कोण भरवंल? तू सांग."

एवढी पुस्तकं वाचली, पण पंधरा वर्षं कोण भरवेल हे एकातही दिलेलं नव्हतं.

निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं मला मध्येच धरलं. माझा उजवा हात आपल्या हातात घेऊन ती बघत राहिली, बराच वेळ. मग नीलम्माला कन्नडमध्ये काहीतरी बोलली आणि माझा हात उचलून तिनं आपल्या कपाळाला लावला. जसा सकाळपासून सगळे मल्लप्पांचा लावत होते, तसा. अंगणातली माणसं बोलायची थांबली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय न्हाय मॅडम," नीलम्मा म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं. "म्हाताऱ्या हायत."

परतीच्या एस.टी.त खिडकीतून ऊन मांडीवर पडत होतं. त्या उन्हात माझा हात होता. मी मुद्दाम त्याच्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर चहा घेताना अण्णांना विचारलं, "मोहोळच्या आजीचं माहेर कुठलं हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कशाला?"

"एका मुलीच्या तक्त्यासाठी."

"अक्कलकोटकडचं," ते म्हणाले. मग कपाकडं बघत म्हणाले, "लग्नाआधी तिचं नाव निंगव्वा होतं."

आणि मला मोहोळचं घर आठवलं. मी पाचेक वर्षांची असेन. माजघरातल्या लाकडी मेढीला टेकून आजी बसलेली असायची, आणि तिचा उजवा हात फडक्यानं मेढीला बांधलेला असायचा. हात भाजलाय, असं मला सांगितलं होतं. रोज बांधतात म्हणजे रोज भाजतो की काय, असं मला वाटायचं. एकदा दुपारी सगळे निजलेले असताना मी जवळ जाऊन बघितलं होतं. फडक्याच्या आत काहीतरी हलत होतं. उंदराचं पिल्लू असेल म्हणून मी ओरडत पळाले होते.

माहेरी राहिली असती तर तिला घोंगड्यावर बसवलं असतं. सासरी मेढीला बांधलं.

"आणि आई?" मी विचारलं.

"बाळंतपणात गेली. ते खरंच आहे." अण्णांचे डोळे भरले. "पण त्याआधी वर्षभर तिच्या हातून भांडी पडायला लागली होती. अंगठा सारखा चालायचा. तिशी नुकतीच ओलांडली होती तिनं. मी तिला धांदरट म्हणायचो गं. मुद्दाम करतेस म्हणून रागवायचो. तुला सांगून काय करायचं होतं? तुझं लग्न झालं नसतं."

मी त्यांच्यावर इतकी चिडले, की पुढचे दोन दिवस बोलले नाही. आता त्या रागाचं वाईट वाटतं. तेव्हा दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून राग केला.

शिवप्पा काळा. त्याची लेक निंगव्वा काळी. तिची लेक, माझी आई, काळी. तिच्याखाली मी. आणि माझ्याखाली नऊ वर्षांची उमा. निम्मी, मॅडम! सगळा वर्ग माझ्या कानात ओरडत होता. तीच निम्मी आता रात्रंदिवस माझ्या उशाशी बसली होती.

सोमवारी नीलम्माला बोलावून घेतलं. "आत्या काय म्हणाल्या ते खरं सांग."

ती खाली बघत म्हणाली, "ही आपल्यातली हाय, म्हणाली. हिच्या हातात आलाय."

"मूर्खपणा!" मी टेबलावर हात आपटला. "बोटांवर कोण मोजत नाही? मी मास्तरीण आहे. दिवसभर गुणोत्तरं, टक्के, हजेरी. मला मोजायची सवयच आहे."

"व्हय मॅडम. सगळेच मोजत्यात." तिचा आवाज अगदी मऊ होता. "पण मोजून झालं की सगळ्यांचा अंगठा थांबतो. तुमचा दिवाळीपासनं थांबत न्हाय."

मी हात टेबलाखाली घेतला.

"मी पहिल्या बाकावर बसती. तुमी फळ्याकडं वळला की तुमचा हात मागं असतो," ती म्हणाली. "म्हणून तर लक्षणाच्या जागी मी देव लिहिलं. कान, जीभ काय बी लिहिता आलं असतं की. तुमाला दाखवायचं होतं. तोंडानं कसं सांगू?"

तिनं वही उघडली. माझं आजोळ मोहोळचं, एवढ्यावरून निंगव्वाच्या गोलाखाली तिनं माझ्या आईचा गोल काढला होता, त्याच्याखाली माझा. पेन्सिल हातात धरून ती थांबली होती.

"भरू का, मॅडम?"

मीच शिकवलेल्या नियमाप्रमाणं विचारत होती बिचारी. तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिची वही फाडून टाकावीशीही वाटली.

"राहू दे," मी म्हणाले. "परीक्षेपर्यंत रिकामा राहू दे."

त्या दिवशी संध्याकाळी उमा अंगणात वही घेऊन बसली होती. तिचे वडील अजून मिलच्या ऑफिसातून आले नव्हते, अण्णा आतल्या खोलीत होते. उमाला भागाकाराची गणितं दिली होती आणि ती बोटांची पेरं मोजून करत होती. मी समोर बसले. गणितं बघायला नाही, तिचा अंगठा बघायला. करंगळी, अनामिका, मधलं बोट. उत्तर आलं की अंगठा थांबायचा आणि ती लिहायची. पुढचं गणित, पुन्हा थांबला. त्याच्या पुढचं, पुन्हा थांबला. दर वेळी माझा जीव भांड्यात पडायचा.

"आई, तू काय मोजतेस?" ती एकदम म्हणाली.

मी खाली बघितलं. मग उजवा हात पदरात गुंडाळला, घट्ट. पदराच्या आत काहीतरी हलत होतं. ते बघताना मोहोळची मेढ डोळ्यांपुढं आली, आणि मी पदर सोडला. माझ्या लेकीनं उंदीर समजून ओरडत पळावं, असं मला नको होतं. मी हात उताणा करून तिच्या वहीवर ठेवला.

"काही नाही गं," मी म्हणाले. "तू बघ बरं, कुठं थांबतंय का."

उमानं पेन्सिल खाली ठेवली आणि वाकून बघू लागली. तोंडानं पुटपुटत तिनं एकोणपन्नासपर्यंत मोजलं.

"चालूच आहे!" ती खुदकन हसली. तिला तो खेळ वाटला. तिनं आपला हात माझ्या हाताशेजारी उताणा ठेवला आणि तिचा अंगठा माझ्या अंगठ्याबरोबर चालू लागला. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. पुन्हा करंगळी. दोन्ही हात एका चालीत, जरासुद्धा मागं-पुढं नाहीत.

"बघ आई, मला पण येतं."

"थांब!" मी ओरडले.

उमा दचकली. तिचा अंगठा थांबला.

माझा चालत राहिला.